विरळ हवेतील शंभर मैल



उंचावर गेल्यास हवा विरळ होते, हे वाक्य भूगोलाच्या तासाला मुलांकडून पाठ करून घेतले जाते. विरळ म्हणजे नेमके काय, हे मात्र मुले विचारीत नाहीत आणि गुरुजीही सहसा सांगत नाहीत. पुष्कळ वर्गांतून तर उंचावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असेच शिकविले जाते. हे चुकीचे आहे. समुद्रकाठी काय आणि डोंगरमाथ्यावर काय, हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे सुमारे २१ भागच असतात. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे तेवढ्याच श्वासात हवाच थोडी येते व तीबरोबर प्राणवायूही थोडा येतो. हा भेद मुलांच्या मनावर ठसविण्यास अमेरिकेतील एका सायकल-शर्यतीची हकीकत फार उपयोगी पडण्याजोगी आहे. सायकल खेड्यातील मुलाच्या ओळखीची असते. डोंगर तर असतोच.

कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या कुशीत लेडव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. त्याची उंची सुमारे ३,१०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या जवळजवळ दुप्पट. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या खाणींमुळे हे गाव भरभराटीस आले आणि चांदीचा भाव कोसळताच ओसरले. पुढे जवळच्या क्लायमॅक्स खाणीने त्याला तारले. पोलाद कणखर करण्यासाठी लागणारा मॉलिब्डेनम धातू तेथे निघे. १९८० नंतरच्या मंदीत तीही खाण बंद पडली आणि हजारो माणसांची रोजी बुडाली. (ती पुन्हा सुरू व्हावयास २०१२ साल उजाडले.) घरे ओस पडू लागली. केन क्लोबर हा त्याच खाणीत काम केलेला गृहस्थ. डोंगरातून शंभर मैल धावण्याची शर्यत भरविली तर येणाऱ्यांना गावात मुक्काम करावाच लागेल व खाणावळींना चार पैसे मिळतील, असा त्याने विचार केला. १९८३ साली पहिली धावण्याची शर्यत झाली व १९९४ पासून सायकलीचीही सुरू झाली. गावाचे दैन्य सर्वस्वी फिटले असे नव्हे. परंतु ऑगस्ट महिन्यात आज तेथे हजारो माणसे येतात, हे खरे.

शर्यत सकाळी साडेसहाला सुटते. ऑगस्टातही त्या वेळी बोटे गारठतात. वाट जंगलातून, खडकाळ उतारावरून, एका उंच खिंडीतून ट्विन लेक्स या सरोवरांपाशी उतरते आणि तेथून खरी कसोटी लागते. कोलंबाइन नावाच्या जुन्या खाणीपर्यंत सुमारे १३ किलोमीटरांत जवळजवळ एक हजार मीटर चढावयाचे असते. माथा सुमारे ३,८०० मीटरांवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी भरतो. खालचा रस्ता बरा असतो. पुढे झाडे संपतात, दगडगोटे लागतात आणि बहुतेक स्पर्धक खाली उतरून सायकल ढकलीत चालतात. पायांत बळ असते, पण धाप आवरत नाही. कोरड्या हवेत नकळत शरीरातील पाणी जाते आणि खाण्याची वासनाही मंदावते. माथ्यावरून परत फिरून सर्व मार्ग उलट कापावयाचा असतो. सकाळी ज्या उतारावरून सायकल धडधडत आली, तोच उतार आता दमलेल्या माणसापुढे चढ होऊन उभा राहतो. त्यात दुपारी डोंगरावर विजांसह पाऊस येण्याचा संभव असतो तो वेगळाच.

बारा तासांच्या आत परतणाऱ्यास पट्ट्याचे बक्कल मिळते. नऊ तासांच्या आत येणाऱ्यास मोठे. शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटर. म्हणजे ताशी साडेतेरा किलोमीटरांहून थोडा कमीच वेग पुरे. सडकेवर आपल्या शाळेतील मुलगाही या वेगाने सायकल हाकील. तरीही कित्येकांना वाटेतील ठाण्यावर ठरलेल्या वेळेत पोहोचता न आल्यामुळे थांबविले जाते. याचे इंगित सरासरीच्या गणितात आहे. समजा, चढ ताशी ५ किलोमीटर वेगाने चढला व तोच उतार ताशी ३० ने उतरला, तर सरासरी वेग किती? मुले चटकन साडेसतरा म्हणतील. तेरा किलोमीटर चढावयास २ तास ३६ मिनिटे लागतात व उतरावयास २६ मिनिटे. सरासरी येते ताशी साडेआठ किलोमीटरांच्या आसपास. चढावर गमावलेला वेळ उतारावर भरून निघत नाही. सातवीच्या वर्गात हे उदाहरण अवश्य घालावे.

डेव्ह वीन्स या स्पर्धकाने २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे ही शर्यत जिंकली. २००८ साली त्याने लान्स आर्मस्ट्राँगला मागे टाकले. (आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्समधील सात विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाबद्दल २०१२ साली काढून घेण्यात आली.) वीन्स राहणारा गनिसनचा; तेही गाव २,३०० मीटरांहून उंच आहे. उंचावर काही आठवडे राहिल्यास रक्तातील तांबड्या पेशी वाढतात व थोड्या प्राणवायूवर भागविण्याची सवय शरीराला लागते. स्त्रियांत रिबेका रश हिने २००९ ते २०१२ सलग चार वेळा विजय मिळविला.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, विरळ हवेचा काहीच लाभ नाही काय? आहे. हवा विरळ असली की तिचा अडथळाही कमी होतो. १९७२ साली एडी मर्क्सने एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालविण्याचा विक्रम केला, तो २,२०० मीटरांहून उंच असलेल्या मेक्सिको शहरात. सपाट धावपट्टी व एकच तास असल्याने तेथे लाभ अधिक व तोटा कमी झाला. लेडव्हिलच्या चढावर वेगच नसतो, मग हवेच्या अडथळ्याचा प्रश्न कोठे उरतो?

ज्या शाळेजवळ टेकडी असेल, तेथील शिक्षकांनी मुलांना बसून मिनिटाचे श्वास मोजावयास सांगावेत, मग टेकडी चढल्यावर पुन्हा मोजावेत. दम्याचा त्रास असलेल्या मुलास चढावयास न लावता त्याच्या हाती घड्याळ द्यावे. आपल्या टेकडीवर श्वास वाढतात ते श्रमामुळे, हवेच्या विरळपणामुळे नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे. नाहीतर एक चूक काढता काढता दुसरी पदरी पडावयाची.