घड्याळासारखी चालणारी नाडी
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण)



सेक्रेटरींनी बजावलंय, "डॉक्टर, बोला, पण घाबरवू नका." प्रयत्न करतो.

आधी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी सापडली? आता पाच सेकंद सावकाश श्वास घ्या, पाच सेकंद सोडा. श्वास घेताना ठोके जरा घाईने पडतात, सोडताना रेंगाळतात. नाही जाणवलं तर लगेच काळजी नको. हा फरक बोटांपेक्षा ईसीजीच्या पट्टीवर स्पष्ट दिसतो आणि वयाप्रमाणे तो कमी होतोच.

आपली समजूत अशी, की चांगलं हृदय म्हणजे घड्याळ. तसं नाही. मिनिटाला ६० ठोके पडले तरी निरोगी माणसात दोन ठोक्यांमधलं अंतर कधी ०.९५ सेकंद, तर कधी १.०४. हृदयातला ठोके सुरू करणारा भाग मोकळा सोडला तर मिनिटाला शंभरच्या आसपास धावतो. व्हेगस नावाची नस त्याला लगाम घालते, सिम्पथेटिक नसा टाच मारतात. लगाम क्षणाक्षणाला सैल-घट्ट होतो, म्हणून अंतर बदलतं. हृदयरोपणात या नसा कापल्या जातात. त्यामुळे अशा रुग्णाची नाडी बसल्या जागीही ९०-१०० च्या घरात असते आणि जवळजवळ एकसुरी चालते.

ताणातही लगाम सुटतो. आपल्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की ठोके वाढतात, त्यांच्यातला फरक घटतो. सभा संपल्यावर हे पूर्ववत झालं तर बिघडलं नाही. पण काळजीने रात्रंदिवस तीच स्थिती राहिली, झोप उडाली, तर लक्ष द्यायला हवं.

१९८७ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०० हून अधिक रुग्णांचा २४ तासांचा ईसीजी काढला होता. ज्यांच्या ठोक्यांमधला फरक फार कमी, त्यांच्यात पुढच्या काळातल्या मृत्यूंचं प्रमाण भरपूर फरक असलेल्यांच्या पाचपट निघालं.

आता माझंच सांगतो. मला वीस वर्षांचा मधुमेह. सात वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, आपली लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत धाप लागली, घाम सुटला. छातीत मात्र काहीच दुखलं नाही. पित्त म्हणून सोडा प्यायलो आणि आडवा झालो. हिने रात्री मनगट धरलं आणि म्हणाली, "अहो, झोपेतसुद्धा शंभर?" मी डॉक्टर ना! तिला गप्प केलं. सकाळी ईसीजीत झटका येऊन गेल्याचं दिसलं.

खरं तर कित्येक महिने माझी नाडी ९६ वर अडकली होती. दीर्घ श्वास घेतला तरी हलत नव्हती. जुन्या मधुमेहात हृदयाच्या नसा खराब होतात, त्याची ही खूण. त्याच बिघाडामुळे झटक्याची कळही कधीकधी जाणवत नाही. रुग्णांना हे शंभरदा सांगितलेलं, स्वतःची नाडी मोजून सोडून दिली.

एक गल्लत नको. बदल चांगला म्हणजे कसाही वेडावाकडा ठोका चांगला, असं नव्हे. श्वासाशी काही संबंध नसलेली, तालच नसलेली नाडी लागली तर ती एट्रियल फिब्रिलेशन असू शकते. त्यात रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. ईसीजी काढाच.

आणि मुलांनी मनगटावर बांधून दिलेल्या घड्याळातला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी लावू नका. त्याचा तो, तुमचा तुम्हाला. कालच्या स्वतःशी ताडून बघा, तेही रोज सकाळी एकाच वेळी.

मधुमेही मंडळींनी उभं राहताना गरगरलं, बसल्या जागी नाडी सतत ९०-१०० राहिली किंवा जिना चढताना नव्याने धाप लागू लागली, तर पित्त म्हणून सोडा पिऊ नये. विश्रांतीनेही धाप थांबली नाही आणि घाम सुटला, तर कोणाचीही वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावं. बाकी शंकांसाठी माझं दार वाजवा. दुपारी दोन ते चार मी झोपतो, पण हिला सांगून ठेवलंय, उठव म्हणून. नाडीच्या बाबतीत आता तिचंच चालतं.