करंडक आणि नेमणूकपत्र



मुलगी नववी-दहावीत गेली की बहुधा तिचे मैदान सुटते, आणि ते सुटताना घरात एकच प्रश्न विचारला जातो : खेळून पुढे काय? हा प्रश्न क्षुल्लक नाही. भारतीय बास्केटबॉलने त्याला एक रोखठोक उत्तर दिले आहे, आणि ते राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या इतिहासात वाचावयास मिळते.

१८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने, हिवाळ्यामुळे आत कोंडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी, व्यायामशाळेतील सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या अडकवून हा खेळ सुरू केला. वाय. एम. सी. ए.च्या शाखांमधून तो आपल्याकडे पोहोचला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये नवी दिल्लीत झाली. या खेळाचा स्वतंत्र महासंघ मात्र १९५० मध्ये स्थापन झाला. पुरुष विजेत्यांना टॉड स्मृती करंडक दिला जातो. (ट्रॉफीला ‘करंडक’ हा शब्द मराठीने दिला, तो कुंकवाच्या करंड्याशी नाते सांगणारा. घरातली मुलगी तो जिंकून आणते तेव्हा हे नाते अधिकच शोभते.)

या स्पर्धेत राज्यांचे संघ उतरतात. परंतु रेल्वे आणि सेनादल हे संघ कोणत्याही राज्याचे नाहीत. ते नोकरी देणाऱ्या संस्थांचे आहेत. महिला गटात गेली अनेक दशके रेल्वेचेच वर्चस्व आहे, आणि त्याचे कारण गूढ नाही. राज्याच्या संघातून चमकलेली मुलगी वयात येताच तिला क्रीडा कोट्यातून रेल्वेत नेमणूक मिळते. पगार, प्रवासाची सवलत, सरावासाठी वेळ एवढे लाभल्यावर तिशीपर्यंत खेळणे शक्य होते. केरळच्या गीतू अॅना जोस यांनी दक्षिण रेल्वेच्या आधारावर आपली कारकीर्द उभी केली, ऑस्ट्रेलियात क्लबसाठी खेळल्या आणि २०११ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या निवड चाचणीपर्यंत गेल्या. भिलाईचे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी तर साध्या घरांतील मुलींना हाताशी धरून छत्तीसगडचा बलाढ्य संघ घडविला. त्यांच्या शिष्यांपैकी अनेकींना रेल्वेत नोकऱ्या मिळाल्या. पटेल २०१८ मध्ये निवर्तले. त्यांच्या कार्याचे मोजमाप पदकांपेक्षा त्या नेमणूकपत्रांनी करणे अधिक न्याय्य ठरेल.

पुरुषांकडेही चित्र फारसे वेगळे नाही. उत्तराखंडच्या संघाचे बळ म्हणजे देहरादूनच्या ओ.एन.जी.सी.चे कर्मचारी. बेंगळुरूमध्ये हीच भूमिका बँकांनी पार पाडली. मुख्य कचेरी त्या शहरात असलेल्या विजया बँकेच्या संघाचा तेथे मोठा दबदबा होता. १ एप्रिल २०१९ रोजी ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि विजया हे नाव धावफलकावरून पुसले गेले. नोकरीवर उभा असलेला खेळ नोकरीच्या वाऱ्याने हलतो, हे येथे दिसते. शिवाय सर्व उत्तम खेळाडू एकाच संघात गेल्या की अंतिम सामन्यातील उत्कंठाही संपते.

त्याच बेंगळुरूच्या कंठीरव बंदिस्त क्रीडागारात जुलै २०१७ मध्ये महिलांचा आशिया चषक रंगला. अनिता पॉलदुराई यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघात पुण्याची शिरीन लिमये होती, कर्नाटकाची नवनीता होती. ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरविले. केवळ दोन गुणांनी! अनिता यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

२०१९ मध्ये त्याच क्रीडागारात भारतीय मुली वरच्या गटात खेळल्या आणि आठ संघांत आठव्या आल्या. अजिंक्यपद जपानने पटकावले. जपानच्या याच महिलांनी पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकले. पालकहो, जपानच्या महिला लीगमधील प्रमुख संघही उद्योगसमूहांचेच आहेत : टोयोटा, डेन्सो, फुजित्सु, एनिऑस. म्हणजे कंपनीच्या आधारावर खेळणे ही काही आपल्याकडची उणीव नव्हे. फरक इतकाच, की तेथे ही लीग महिनोन्‌महिने चालते, आणि एक सामना हरलेल्या संघाला लवकरच दुसरा मिळतो. आपली राष्ट्रीय स्पर्धा थोड्याच दिवसांत आटोपते. करंडक कपाटात जातो, आणि खेळाडू दुसऱ्या दिवशीच्या गाडीने कामावर रुजू व्हायला निघते.