सही कुणाची, शरीर कुणाचं?

(युवक मेळाव्यातील भाषण)



आज मी युरोपातल्या रोमांबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, इथं आपल्या वस्तीला धड मोरी नाय, आन् हा युरोपात कुठं चालला? ऐका. रोमा पाण्याला ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच गेले. रोमानियाच्या मुलखात 1856 पर्यंत ते गुलाम होते. 2 ऑगस्ट 1944 च्या एका रात्रीत हिटलरच्या लोकांनी ऑशविट्झमध्ये चार हजारांवर रोमा गॅसनं मारले.

मग लोकशाही आली. खाकी गेली, पांढरा कोट आला.

ऑगस्ट 2000. स्लोव्हाकियातलं प्रेशोव्ह शहर. वीस वर्षांची रोमा बाई बाळंतपणाला इस्पितळात गेली. खोली वेगळी, ‘जिप्सी’ बायकांची. संडासही वेगळा! कळा सुरू असताना पुढं कागद आला : रोगी नसबंदीची मागणी करते. त्या शब्दाचा अर्थच तिला ठाऊक नव्हता. पुढच्या बाळंतपणात तू मरशील नायतर मूल, एवढंच सांगितलं. तिनं थरथरत्या हातानं सही केली. सिझेरियन करतानाच नळ्या बांधल्या. पुढं संसारही मोडला.

गोदीत आम्ही गोणीला आकडा मारतो तेव्हा गोणीला विचारत नाय. त्या डॉक्टरांनी बाईची गोणी केली.

पण ती गप्प बसली नाय. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं 2011 साली तिच्या बाजूनं निकाल दिला. शेजारच्या चेक देशानं अशा बायकांना 3 लाख कोरुना भरपाई द्यायचा कायदा 2021 साली केला. भरपाई मिळेल, पण कूस परत येईल काय?

म्हणून सांगतो, दवाखाना असणं वेगळं आन् दवाखाना आपला असणं वेगळं. वस्तीची नोंद नाय म्हणून पत्ता नाय. पत्ता नाय म्हणून कार्ड नाय. कार्ड नाय म्हणून विमा नाय. दारात पोचलाच तर माणूस म्हणून कुणी बघत नाय. युरोपात रोमा माणूस इतरांपेक्षा आठ-दहा वर्षं आधी मरतो. हा रोग नव्हे, ही व्यवस्था आहे. 1976 च्या आणीबाणीत नसबंदीला आधी कोण धरले गेले, हे आपल्या वस्त्यांना मी काय सांगू?

रोमांनी मात्र वाट काढलीय. रोमानियात रोमा बायकाच ‘आरोग्य मध्यस्थ’ झाल्या. त्या रोग्यासोबत जातात, कागद वाचून दाखवतात, डॉक्टरला प्रश्न विचारतात. हंगेरीतल्या शायोकाझात तर रोमांनी बाबासाहेबांच्या नावाची शाळा काढली. ते आपल्यापर्यंत पोचले, दोस्तहो! आपण कुठं पोचलो?

मी मॅट्रिक. एवढं शिक्षण कागद वाचायला पुरतं. तुमच्यातही प्रत्येकाला वाचता येतं. मग आजपासून आपल्या वस्तीतली कुठलीही आई, बहीण एकटी इस्पितळात जाणार नाय. कागद आधी आपण मोठ्यानं वाचायचा. तिला कळला पाहिजे, पटला पाहिजे. त्यानंतरच अंगठा.

शाई त्यांची असेल. अंगठा आपला आहे.

जय भीम!