गळतीखालची बादली

आम्ही कांदा-लसूण चटणी करणाऱ्या गटातल्या बाया बोलतोय. पण आज चटणीचं नाही, छताचं सांगायचंय.

आमचं कांडप गावाच्या उंचवट्यावर, ग्रामपंचायतीच्या जुन्या हॉलमध्ये आहे. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला, 2021 च्या जुलैत परत आला, पण पाणी आमच्या पायरीला लागलं नाही. आमची जागा भक्कम, असं आम्ही पाहुण्यारावळ्यांतही सांगत होतो. पाणी वरूनही येतं, हे डोक्यातच नव्हतं.

स्लॅब मात्र दोन पावसाळे सांगत होता. आधी कोपऱ्यात ओलीचा डाग, मग चुन्याचे पोपडे, मग टपटप. आम्ही काय केलं, तर खाली बादली ठेवली. भरली की ओतायची, परत ठेवायची. इमारत पंचायतीची, मग खर्च आम्ही का करायचा? पंचायत म्हणायची, निधी आला की बघू. निधीच्या आधी पाऊस आला.

एका सकाळी कुलूप काढलं तर आत घोटाभर पाणी. खालची पोती भिजलेली, आणि भिंतीवरून ओघळ थेट मोटरच्या बोर्डावर. एक जण साडी खोचून पोती उचलायला धावली. मावशींनी तिचा पदर धरून मागं ओढलं. "आधी लाईट पाड, मग मिरची!" मावशी शाळेत फार गेल्या नाहीत, पण विहिरीवरच्या मोटरीनं माणूस गेलेला त्यांनी बघितलाय. नशीब, आमचा मेन स्विच बाहेर व्हरांड्यात कोरड्या भिंतीवर होता. कोरड्या फळीवर उभं राहून तो पाडला. तुमचा स्विच आत ओल्यात असेल तर त्याला हात लावू नका, पाण्यात पायही घालू नका. वायरमनला बोलवा, महावितरणला 1912 वर फोन करा, बाहेरूनच लाईट तोडू द्या. आणि फुगलेल्या स्लॅबखाली उभं राहू नका, पोपडा डोक्यात पडतो.

दुपारी ऊन पडलं तशी आम्हाला घाई सुटली, मोटर चालू करून बघू म्हणून. वायरमन ओरडलाच. वरून कोरडी दिसली तरी आतलं वाइंडिंग ओलं असतं, चालू केली की जळते. उघडून, वाळवून, तपासून घेण्यात आठ दिवस गेले.

पण खरं भांडण मिरचीवरून झालं. ब्याडगी आणि संकेश्वरी, दोन्ही कर्ज काढून भरलेली. वरची कोरडी पोती लगेच बाजूला काढली. खालच्या ओल्या पोत्यांचं काय? एक जण म्हणाली, उन्हात टाकू, भाजू, दळू, लाल तिखटात कोण ओळखतंय? खोटं कशाला बोलायचं, आमच्यातल्या निम्म्या जणींना ते पटलं होतं. दोन दिवसांत देठाजवळ बुरशी दिसायला लागली. ओल्या मिरचीवर, शेंगदाण्यावर जी बुरशी धरते तिच्यातल्या काही जातींचं विष लिव्हरवर जातं. वाळवून, भाजून, दळून ते जात नाही. ही चटणी आपलीच पोरं डब्यात नेतात, असं मावशी म्हणाल्या आणि बोलणं थांबलं. खड्डा काढून पुरली. जनावरांपुढंही टाकली नाही.

त्या वर्षी नफा वाटला नाही. एका बाईला घरून बोलणी बसली, ती गट सोडून गेली. ते आम्हाला अजून लागतं.

आणखी एक चूक सांगतो. पुरायच्या आधी फोटो काढले नाहीत, किती पोती भिजली ते स्टॉक रजिस्टरला लिहिलं नाही, तलाठ्याला दाखवलं नाही. पुढं बँकेनं पुरावा मागितला तेव्हा दाखवायला काय होतं? बुजवलेला खड्डा.

मग पहिल्यांदाच गच्चीवर चढलो. वर तळंच साचलेलं. पाणी जायच्या पाइपाचं तोंड पिंपळाच्या पानांनी गच्च बुजलेलं, आणि कठड्याच्या फटीत पिंपळाचं हातभर रोप. एवढ्या वर्षांत आम्ही खाली बादली ओतत राहिलो, वर कुणी बघितलं नाही. पाइप मोकळा केला तसं पाणी धो धो उतरलं. रोप नुसतं उपटून भागत नाही, मूळ राहिलं की परत फुटतं. गवंड्यानं फट खोलून मुळासकट काढलं.

दुरुस्तीचा अर्ज तोंडी न ठेवता लेखी दिला, आवक नंबर घेतला आणि ग्रामसभेत सगळ्या मिळून उभ्या राहिलो. कोब्याचा खर्च पंचायतीनं केला, विटांचे तुकडे आणि वाळू आम्ही डोक्यावरून वर नेली. गवंड्यानं कोब्यावर पाणी कोंडून ठेवलं आणि खाली आम्ही माना वर करून बसलो. थेंब आला नाही.

आता पोती जमिनीवर नाहीत, लाकडी घडवंचीवर असतात. बोर्ड दुसऱ्या भिंतीवर हलवलाय, गळती झाली की लाईट पाडणारं ईएलसीबी बसवलंय. ते कुणाला दिसत नाही, पण त्याचे पैसे देताना आम्ही घासाघीस केली नाही. मृग लागायच्या आधी आणि मग पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी दोघीजणी गच्चीवर जातात. यंदा पाइपाच्या तोंडाशी पोरांचा बॉल निघाला आणि एक चप्पल. चप्पल कुणाची, ते अजून कळलं नाही.