जुगारावरील कर आणि राज्यकर्त्याचा धर्म



जुगार वाईट आहे, हे सांगण्यासाठी व्याख्यानाची आवश्यकता नाही. ज्या समाजाने ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात द्यूतकाराचा विलाप ऐकला आणि हस्तिनापुरातील द्यूतसभा कथाकीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली, त्याला ते ठाऊक आहे. प्रश्न पुढचा आहे. जे व्यसन समूळ नष्ट होत नाही, त्यातून राज्याने उत्पन्न घ्यावे काय? आणि घ्यावे तर कोणत्या मर्यादेत?

कौटिल्याने या प्रश्नाचा विचार केला होता. द्यूत एकाच नियत स्थानी खेळले जावे, त्यावर द्यूताध्यक्षाची देखरेख असावी आणि जिंकलेल्या द्रव्यातून त्याने शेकडा ५ घ्यावेत, असे अर्थशास्त्र सांगते. छुप्या मार्गाने उपजीविका करणारे गुन्हेगार हुडकून काढणे हा त्यामागील हेतू होता. म्हणजे देखरेख प्रधान, कर आनुषंगिक.

आजच्या जगात हा क्रम कोठे टिकला आणि कोठे उलटला, ते पाहू.

सिंगापूरमध्ये २०१० साली दोन कॅसिनो सुरू झाले. परदेशी पर्यटकाला तेथे प्रवेशकर नाही; परंतु स्वतःच्या नागरिकाला मात्र दिवसाला १०० सिंगापुरी डॉलर मोजावे लागत. २०१९ मध्ये ही रक्कम १५० करण्यात आली. एखाद्याच्या व्यसनाने घर उद्ध्वस्त होत असेल, तर त्याला प्रवेशबंदी करावी, असा अर्ज त्याचे कुटुंबीय करू शकतात. पर्यटकाचा पैसा हवा, पण आपला माणूस बुडू नये, असा हा हिशेब आहे. यातील नैतिकतेविषयी मतभेद होतील. सावधपणाविषयी होऊ नयेत.

मकाऊचे उदाहरण याच्या नेमके विरुद्ध आहे. तेथील शासनाच्या महसुलाचा सिंहाचा वाटा जुगारावरील करातून येत असे. २०२० साली महामारी आली आणि कॅसिनोंचे उत्पन्न एका वर्षात सुमारे ८० टक्क्यांनी कोसळले. एकाच खांबावर उभारलेले घर कसे डळमळते, ते जगाने पाहिले.

ब्रिटनचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. सट्ट्याच्या दुकानांतील यंत्रांवर एका डावाला १०० पौंडांपर्यंत रक्कम लावता येई. लोकक्षोभानंतर २०१९ च्या एप्रिलमध्ये ही मर्यादा २ पौंडांवर आणली गेली. निर्णय उत्तमच! परंतु त्यामुळे बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी शासनाने ऑनलाइन जुगारावरील कर १५ वरून २१ टक्के केला. एका जुगारातील तूट दुसऱ्या जुगारातून भरली. जुगाराच्या उत्पन्नाची चटक लागलेल्या राजकोषाची ही अगतिकता आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या राज्यघटनेने जुगार आणि त्यावरील कर हे विषय राज्यांकडे सोपविले. म्हणूनच गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी राहिली. महाराष्ट्राने मात्र १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. केंद्राने २०२३ च्या ऑक्टोबरपासून पैशांच्या ऑनलाइन खेळांतील रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लावला. त्यातून उत्पन्न येत असतानाही २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. हे महत्त्वाचे आहे. हातात येणारा पैसा सोडण्याची तयारी, हीच राज्यकर्त्याची खरी परीक्षा होय.

बंदीने काम संपत नाही. चोरट्या मार्गाने चालणारा मटका आपल्या शहरांनी अनेक दशके पाहिला आहे. म्हणून कायद्याला अंमलबजावणीची आणि अंमलबजावणीला समाजाच्या जागरूकतेची जोड हवी. ज्या कराची वाट राज्यकर्ता आशेने पाहू लागतो, त्या व्यसनाविरुद्ध त्याचा हात उचलत नाही. आणि जे व्यसन घरातील वडीलधारे हसण्यावारी नेतात, ते कोणताही कायदा रोखू शकत नाही. मुलाच्या हातातील मोबाईलवर कोणता डाव मांडला आहे, हे आधी आपण पाहावे. मग शासनाकडे बोट दाखविण्याचा आपला अधिकार सिद्ध होईल.