डाव्या बाजूचा रक्षक

अमेरिकन फुटबॉलमध्यें चेंडू फेंकणारा नायक बहुधा उजव्या हाताचा असतो. फेंकीसाठीं तो वळला, कीं डावी बाजू त्याच्या पाठीशीं येते. तिकडून धांवून येणारा प्रतिपक्षी त्याला दिसत नाहीं. ती बाजू राखणारा गडी म्हणजे ‘लेफ्ट टॅकल’.

त्याची पारख करणें कठिण. काम चोख झालें तर तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एकदां पाऊल चुकलें तर नायक भुईवर पडतो आणि सारें मैदान पाहतें. म्हणून जाणता परीक्षक चेंडू सोडून त्याच्या पायांकडे पाहतो. पहिलें पाऊल झटकन मागें पडतें काय? हात वेळेवर प्रतिपक्ष्याच्या छातीला भिडतात काय? फसल्यावर तोल सांवरतो काय?

जॉर्डन मायलाटा हा सिडनीचा रग्बी लीगपटू. २०१८ सालीं फिलाडेल्फिया ईगल्स संघानें त्याला २३३ व्या क्रमांकावर निवडलें, तेव्हां त्यानें या खेळाचा एकही सामना खेळलेला नव्हता. पहिल्या दोन वर्षांत त्याला दुखापतींनीं गांठलें. २०२० मध्यें तो मैदानांत उतरला. फेब्रुवारी २०२५ मध्यें संघानें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां डावी बाजू त्याच्याच स्वाधीन होती.

तरुण गड्याचा निकाल घाईनें लावूं नये. एका हंगामांतील चूक पुढल्या हंगामांत पुन्हां घडते कीं नाहीं, हें आधीं पाहावें.