जरीपटक्यातील सिंधी शेजारी

मराठ्यांच्या निशाणाचे नाव मिरविणारा उत्तर नागपुरातील हा भाग सिंधी बांधवांनी गजबजला आहे. १९४७ च्या फाळणीत पंजाब, बंगाल दुभंगले. सिंध प्रांत मात्र संपूर्ण गेला. त्यामुळे सिंधी भाषेला भारतात स्वतःचे राज्य नाही. रिकाम्या हाताने आलेल्यांनी व्यापारात पुन्हा बस्तान बसविले, हे आपण कौतुकाने (क्वचित हेव्यानेही) सांगतो. परंतु १९६७ साली आठव्या अनुसूचीत समाविष्ट झालेली त्यांची भाषा घरात किती उरली? आजोबांची सिंधी ५२ अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपीतली. नातू देवनागरी वाचतो. आजोबांची जुनी पत्रे त्याला वाचता येत नाहीत. येत्या चेटीचंडला झुलेलालाच्या मिरवणुकीत शुभेच्छा देऊन परतू नका. एखाद्या वृद्धापाशी बसून त्यांच्या सिंधमधील गावाचे नाव विचारा. ते गाव पाहिलेले आता मोजकेच उरले आहेत.